शहादेवची मिशी

कौशल्यानं आधी मिशी पाहिली, माणूस नंतर.

सिरसाळ्याचा बैलबाजार भरला होता आणि आषाढाची भुरभुर सुरू होती. ती चिंचेखाली आपल्या चांद्या बैलाशेजारी बसून भाकरी खात होती, तेव्हा ती मिशी समोर येऊन उभी राहिली. काळीभोर, तेल लावलेली, दोन्ही टोकं वर वळवलेली. टोकांवर पावसाचा एकेक थेंब येऊन थांबला होता. मिशीमागं पंचविशीतला एक उंच गडी होता. डोळे चांगले होते बिचाऱ्याचे, पण त्या मिशीपुढं डोळ्यांचं काही चालत नव्हतं.

"बैल कुनाचा हाय?" त्यानं विचारलं.

"आमचा."

"गडीमानूस न्हाई का कुनी संगं? बोलायचं कुनाशी?"

"बैलाशी बोला की," कौशल्या घास गिळत म्हणाली. "विकायचा तोच हाय."

त्याच्याबरोबर आलेला मित्र, बंकट, फिस्सकन हसला. मिशीवाल्यानं त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं आणि मिशीला पीळ दिला. थेंब खाली पडला.

त्याचं नाव शहादेव. माजलगावकडचा, सिंदफणेच्या काठचा. त्याच्या जोडीतला एक बैल पेरणीच्या तोंडावर मेला होता आणि दुसरा दावणीला एकटाच उभा होता. कौशल्याकडंही तेच. चांद्याचा जोडीदार वैशाखात साप चावून गेला, आणि तेव्हापासून चांद्या कोणाला अंगाला हात लावू देत नव्हता. बबनराव, म्हणजे तिचे वडील, तेही त्याच्यापासून चार हात लांब राहत. त्याला सांभाळायची ती फक्त कौशल्या. आई गेल्यावर घर आणि गोठा दोन्ही तिच्याच अंगावर पडलं होतं, म्हणून तर विशी आली तरी तिचं लग्न लांबलेलं होतं. आताही बबनराव दलालाशी बोलायला गेले होते आणि बैल राखायला तीच बसली होती.

"आधीच सांगते," ती म्हणाली, "अनोळखी हाताला येत न्हाई ह्यो."

आता हे ऐकून एखादा शहाणा माणूस मागं सरला असता. पण बाजारातली चार माणसं थांबून ऐकत होती, आणि समोर एक पोरगी हसू दाबून बसली होती.

"बैल धरायला मर्दुमकी लागती," शहादेव म्हणाला.

निजामाच्या अंमलातल्या त्या मुलखात हा शब्द फार चालायचा. मर्दुमकी. मूळ अर्थ मोठा, रणात गाजवलेला पराक्रम. पण रणं संपून जमाना लोटला होता आणि शब्दाला काही रिकामं बसवेना. मग कोणी पैजेवर परातभर शिरा खाल्ला, मर्दुमकी. कोणी तापात गार पाण्यानं आंघोळ केली, मर्दुमकी. जमादारानं घोडं गल्लीतून उधळत नेलं आणि एका म्हातारीची घागर फोडली, तीसुद्धा मर्दुमकीच. बायकाही हा शब्द वापरायच्या, पण ओठ जरा वाकडे करून.

कौशल्यानंही तसंच केलं. "आन ती कुठं ठिवलीय? मिशीत?"

हशा पिकला. शहादेव कानापर्यंत लाल झाला. त्यानं चिंचेपासून पार पलीकडच्या लिंबाकडं बोट केलं.

"ह्या बैलाला एका दमात त्या लिंबापतोर नेतो. न्हाई नेला तर—" बोट मिशीवर आलं, "—ही उतरवीन!"

"कुनाफुडं बोलताय?"

"तुझ्याफुडं बोलतोय."

"बघा हं..." कौशल्या म्हणाली आणि कासरा त्याच्या हातात देऊन पुन्हा भाकरीकडं वळली.

पुढं जे झालं ते बाजाराला वर्षभर पुरलं. चांद्यानं आधी नुसतं फुरफुरून पाहिलं. शहादेवनं कासरा हाताला गुंडाळून जोर लावला मात्र, बैल शेपटी वर करून जो उधळला, तो लिंब सोडून सगळीकडं गेला. भांड्याच्या दुकानावरून गेला, गुळाच्या ढेपांना वळसा घालून गेला. बैलामागून चिखलात घसरत शहादेव गेला. आधी पटका पडला, मग वहाण, मग तोच पडला.

कौशल्या उठली. लुगड्यावरचा भाकरीचा चुरा झटकला आणि हाक दिली, "चांद्या... ये रं बाबा."

बैल वळला. आपला काही संबंधच नाही अशा चालीनं आला आणि तिच्या खांद्याला नाक लावून उभा राहिला. तिनं चिखलातला पटका उचलला, पिळला, आणि पडल्या जागी बसलेल्या शहादेवपुढं धरला.

"घ्या. मर्दुमकी भिजली जरा."

लोक पोट धरून हसले. आणि तोही हसला! चिखलात मांडी घालून, मिशीची दोन्ही टोकं दोन दिशांना लोंबत असताना, अगदी मनापासून हसला. कौशल्यानं आजवर पडलेले पुरुष पाहिले होते. ते बैलाला मारतात, नाहीतर कोणाला तरी शिव्या देतात. स्वतःवर हसणारा हा पहिलाच. पटका देताना तिची बोटं उगाच क्षणभर रेंगाळली.

"चल बे," बंकट त्याला उठवत म्हणाला. "बाईमानसाफुडं बोललेलं कुनी धरतं व्हय? ती काय पैज झाली?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कौशल्यानंही तेच धरलं. बाजारात दिवसाला कितीतरी मिशा पणाला लागायच्या आणि संध्याकाळी सगळ्या जशाच्या तशा घरी जायच्या.

त्या दिवशी चांद्या काही विकला गेला नाही. आठवडाभर ती त्याला वैरण घालताना विचारत राहिली, "कावून पाडलंस रं त्याला? इतकं काय वाईट बोलला होता?" बैल रवंथ करत राहिला. डोळ्यांपुढं सारखं ते चिखलातलं हसू यायचं, आणि मग ती वैरण दुप्पट घालायची.

पुढच्या बाजारी ती चिंचेखाली बसली होती, पण नजर वाटेवर होती. तो दिसला... आणि तिच्या हातातली भाकरी खाली पडली.

मिशी नव्हती.

ओठावर नुसती गोरी, उघडी कातडी. त्या भागात बाप्या माणसाची मिशी एकाच कारणानं उतरते, बाप गेल्यावर. लेकरालाही ते ठाऊक. कौशल्याला आपली आई आठवली, आई गेल्यानंतरची ती रिकामी चूल आठवली, आणि तिचे डोळे भरून आले. ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. लोक बघतायत याचंही तिला भान राहिलं नाही.

"कधी... कधी झालं वो?"

"काय?"

"तुमचे वडील..."

"आबा? त्यांला काय झालंय? सकाळी लाकडं फोडत हुते."

"मग ही... मिशी?"

शहादेवनं खाली पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तुझ्याफुडं बोललो हुतो न्हवं..."

पावसाची भुरभुर पदरावर पडत होती, चांद्या मान हलवत होता, त्याच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"अवो, मी हसून बोलले हुते."

"मीबी हसूनच बोललो हुतो. पर बोललो हुतो."

"बाईमानसाफुडं बोललेलं कुनी धरत न्हाई. सगळेच म्हनले."

"म्हनले खरं. पर घरी गेल्यावर मी लई इचार केला. तुझ्याजागी एखादा गडी असता, तर उतरवावी लागली असती का न्हाई? लागली असती. मग तू काय कमी हायस?"

असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. बैल राखता येतो, घर चालवता येतं, हे सगळे म्हणायचे. पण तिच्यापुढं उच्चारलेला शब्द खरा असतो, हे कोणी म्हटलं नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्याच्याकडं नीट पाहिलं. मिशी गेल्यावर चेहरा उघडा पडला होता, आणि डोळे... ते तर तिला आधीच आवडले होते. वरच्या ओठावर एका बाजूला ताजा, लालसर काप होता.

"ह्ये काय लागलं?"

"धोंडीराम न्हावी वस्तराच लावंना. बाप जिता असताना असलं पाप आपल्या हातून व्हायचं न्हाई म्हनला. मग मीच केली. आरसा फुटका हुता."

"दुखतंय?"

"हसलो की दुखतंय."

"मग हसू नका."

"मग तू बोलू नको."

ती बोलली नाही. तरी तो हसला, आणि "आई गं" म्हणून ओठावर बोट धरलं.

उरलेलं सगळं बंकटनं सांगितलं, कारण शहादेव सांगेना. मिशी उतरलेली पाहून गावात बोभाटा झाला. माजलगावच्या मावश्या गाडी जुंपून, वेशीपासून गळा काढत आल्या. बघतात तर शहादेवचे आबा, आप्पाराव, ओट्यावर बसून चिलीम ओढतायत! "मेलो न्हाई मी!" म्हणून ते ओरडले, तर एक मावशी त्यांच्या आवाजालाच घाबरून पडली. म्हाताऱ्याच्या अंगाची लाही झाली. बाप जिता असताना पोरानं मिशी उतरवली, तीही एका पोरीपुढं बोललो म्हणून! त्यांनी शहादेवला घराबाहेर काढलं. आता तो शेतातल्या खोपीत राहत होता, आई भाकरी बांधून चोरून धाडत होती.

"आबांनी येक वाट दिलीया," बंकट म्हणाला. "गावाफुडं म्हन, वस्तरा घसरला म्हनून सगळीच काढावी लागली. मग ये घरात. पर ह्यो गडी म्हनंना."

"कावून न्हाई म्हनत?" कौशल्यानं शहादेवलाच विचारलं.

"तसं म्हनलो तर तुझ्याफुडचा शब्द फुकट गेला की."

आपल्या एका चेष्टेपायी या माणसाचं घर सुटलं होतं, आणि हा इथं उभा राहून तिच्यापुढच्या शब्दाचीच काळजी करत होता. तिला त्याच क्षणी कळून चुकलं, की आपल्याला आता दुसरीकडं कुठं नांदता यायचं नाही. आणि त्याच्या बापानं दार उघडलं नाही तर इथंही नांदता यायचं नाही.

तेवढ्यात बबनराव आले. ती त्यांना एवढंच म्हणाली, "दादा, चांद्या ह्यांलाच द्यायचा."

बबनरावांनी पोरीच्या तोंडाकडं पाहिलं, मग त्या बोडक्या ओठाच्या गड्याकडं पाहिलं. माणूस कमी बोलणारा होता, पण आंधळा नव्हता.

"त्यो तुझ्याबिगर पाऊल टाकायचा न्हाई," ते म्हणाले. "आपल्यालाच पोचवावा लागंल."

"पोचवू की."

बबनरावांनी बंकटकडून शहादेवचं घराणं, पाहुणेरावळे सगळं विचारून घेतलं. बैल पोचवायला इतकी चौकशी कोणी करत नाही.

सिंदफणेच्या काठी बबनराव आणि कौशल्या चांद्याला घेऊन पोचले तेव्हा पावसानं उघडीप दिली होती. ओट्यावर आप्पाराव बसले होते. मिशी पांढरीशुभ्र आणि मुलाच्या होती त्याहून मोठी. शहादेव अंगणाच्या कडेला कुडाजवळ उभा होता. त्याला त्यापुढं पाऊल टाकायची मुभा नव्हती. दाराआड त्याची आई, भिवराबाई, अर्धी दिसत होती. हां हां म्हणता शेजारीपाजारी जमले. कौशल्याच्या हातात कासरा होता. म्हाताऱ्यानं बैल माघारी फिरवला तर तिलाही माघारी फिरायचं होतं, कायमचं.

"ह्योच का त्यो बैल?" आप्पाराव म्हणाले. "आन हीच का ती?"

त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोरी, माझ्या पोराची मर्दुमकी तू चिखलात घातलीस."

कौशल्यानं पदर सावरला. आवाज लहान निघाला, पण निघाला. "चिखलात बैलानं घातली, मामा. तुमच्या पोरानं ती उचलून वर काढली."

दाराआड भिवराबाईंना ठसका लागला. तो ठसका होता की हसू, हे आप्पारावांना कळलं असावं, कारण ते ताडकन उठले आणि ओटा उतरून खाली आले.

"मिशी उतरवून मर्दुमकी? बघू तरी असा कोन बैल हाय! माझ्या उमेदीत मी असली चार जनावरं येका हातानं—"

"मामा, जवळ जाऊ नका. अनोळखी हाताला—"

"मला शिकवतीस? आत्ता, ह्या हातानं, ह्याला दावणीला नेऊन बांधतो." म्हाताऱ्याचा आवाज चढला, छाती पुढं आली, आणि हात आपोआप मिशीवर गेला. "न्हाई बांधला तर मी ही माझी मि—"

"आबा!" शहादेव कुडाजवळून धावत आला. "फुडचं बोलू नका!"

"कावून?"

"बोललं की पाळावं लागतं, आबा."

आप्पारावांचा हात मिशीवर तसाच राहिला. त्यांनी बैलाकडं पाहिलं. बैलानं त्यांच्याकडं पाहिलं आणि पुढच्या पायानं जमीन उकरली. मग म्हाताऱ्याची नजर मुलाच्या ओठावर गेली. इतके दिवस त्यांनी तिकडं पाहायचंच टाळलं होतं. कापावर बारीक खपली धरली होती. उभ्या जन्मात किती वेळा आपण मिशीची आण घेतली असेल? पैजेत घेतली, भांडणात घेतली, नुसत्या गप्पांत घेतली. किती तरी वेळा खोटे पडलो, आणि मिशी एकदाही उतरली नाही. कोणी मागितली नाही आणि आपण दिली नाही. म्हाताऱ्याला हे कळलं, अंगणातल्या सगळ्या माणसांदेखत कळलं, आणि त्यांनी हात हळूच खाली घेतला.

क्षणभर वाटलं आता ते रडणार. पण ते हसले. आधी मिशीतल्या मिशीत, मग पोट हलेपर्यंत.

"अगं भिवरे, ऐकलंस का? पोरगं बापाची मिशी राखतंय!"

मग ते कौशल्याकडं वळले. आवाज अजून दरडावल्यासारखाच होता, पण डोळ्यांत पाणी होतं. "बघतीस काय? तूच बांध त्याला. दावण तिकडं हाय. त्यो दुसरा बी येकटाच उभा हाय कवाचा." आणि मुलाला म्हणाले, "आन तू बे? पाव्हन्यावानी भाईर कावून उभा? चल आत. आईनं भाकरी झाकून ठिवलीया."

कौशल्यानं चांद्याला दावणीला बांधलं. शहादेवनं आत पाऊल टाकलं. भिवराबाईंनी त्याला काही विचारलं नाही. त्या आधी कौशल्याजवळ गेल्या, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि गूळपाणी घ्यायला घरात घेऊन गेल्या.

संध्याकाळपर्यंत ओट्यावर दोन्ही बाप सोयरिकीचंच बोलत होते. सगळं जमलं. आप्पारावांची एकच अट होती. "लगीन मिशी आल्यावर. बोडक्या ओठानं पोरगं मांडवात हुबं राहिलं, तर लोक माझ्या तेराव्याचं जेवन मागतील!"

मिशी काही कोणाच्या सांगण्यानं वाढत नाही. अख्खा पावसाळा गेला. शहादेव काही ना काही निमित्त काढून सिरसाळ्याच्या बाजारी यायचा, कधी मिठाला, कधी दोरखंडाला. कौशल्या चिंचेखाली असायची, तिलाही काही ना काही निमित्त असायचंच.

"किती आली?" ती विचारायची.

"तूच बघ."

ती लांबूनच बघायची, जरा जास्त वेळ बघायची. "अजून लई दिस लागतील," म्हणायची, आणि दोघंही तोंड फिरवून हसायची. चांद्याची खुशाली तो सांगायचा. नव्या जोडीदाराच्या अंगाला अंग लावून बसतो, पण शहादेवच्या हाताला अजून येत नाही. "तू आल्यावर येतो म्हनतो."

"चांद्या म्हनतो?"

"चांद्याच. मी कशाला म्हनू!"

कार्तिकात, लग्नाआधीच्या शेवटच्या बाजारी, तो आला तो तोंडावर पटक्याचं टोक धरूनच. आकाश निवळलं होतं, चिंचेला आकडे लागले होते.

"काय झालं?" कौशल्यानं विचारलं.

त्यानं टोक बाजूला केलं. मिशी आली होती, चांगली भरघोस, टोकं वर वळायला लागली होती. पण जिथं वस्तरा लागला होता तिथं एक केस उगवला नव्हता. भांग पाडावा तशी एक बारीक, गोरी रेघ तेवढी उघडी राहिली होती.

"तेल लावलं, कांद्याचा रस चोळला, आईनं काय काय लेप लावले," तो कळवळून म्हणाला. "येतच न्हाई तितं. जन्मभर आता मर्दुमकीत खोट ऱ्हायली."

कौशल्यानं आजूबाजूला पाहिलं. बाजार आपापल्या भावतावात गुंतला होता. तिनं बोट उचललं आणि त्या उघड्या रेघेवर अलगद टेकवलं... आणि झटकन मागं घेतलं. या वेळी कानापर्यंत लाल होणारी ती होती.

"खोट कशाची?" ती म्हणाली. हा शब्द ती आजवर ओठ वाकडे करूनच वापरत आली होती. आज पहिल्यांदा तिनं तो सरळ तोंडानं उच्चारला. "मर्दुमकी तितंच तर हाय. बाकीची मिशी आबांची आन गावाची असू द्या."

"आन ही?"

"तेवढी जागा माझी."